जेठा बापाचा, जेठा आईचा

यहुदी धर्मशास्त्रात ‘पहिला मुलगा’ या साध्या शब्दांमागे दोन निरनिराळे दर्जे आहेत आणि ते दोन्ही एकाच मुलाच्या ठायी एकवटतीलच असे नाही. पहिला दर्जा वारशाचा असून त्याच्या जोरावर बापाच्या मिळकतीत या मुलाला इतर भावांच्या दुप्पट वाटा मिळतो. दुसऱ्याला हक्कापेक्षा ऋण म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण आईच्या पोटी सर्वांत आधी आलेला मुलगा जन्मतःच ईश्वराच्या मालकीचा मानला जातो आणि बापाने पाच रौप्य नाणी मोजून त्याला कोहेनाकडून, म्हणजे अहरोनाच्या वंशातील पुरोहिताकडून, सोडवून घ्यायचे असते. एक हिशेब बापापासून सुरू होतो आणि दुसरा आईच्या उदरापासून. दोघांचाही पहिलाच विवाह असला आणि पहिलेच अपत्य मुलगा असले म्हणजे दोन्ही हिशेब एकाच पाळण्यापाशी येऊन थांबतात व त्यांतील अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पहिलटकरणीचे पोट पडले आणि पुढच्या खेपेस मुलगा झाला, की तो जेठा धरायचा की नाही या प्रश्नाला एक उत्तर पुरत नाही. तो बापाचा जेठा असतो, आईचा मात्र असेलच असे नाही, आणि हे ठरवण्यासाठी जे मूल जन्मलेच नाही त्याची चौकशी करणे शास्त्राला भाग पडते.

हे द्वैत बायबलच्या मूळ कथांतच दडलेले आहे. याकोबाच्या घरात त्याची बायको लेआ हिचा मुलगा रऊबेन हा बापाचाही पहिला आणि आईचाही पहिला होता, तर बऱ्याच वर्षांनी दुसरी बायको राहेल हिला झालेला योसेफ हा बापाच्या ओळीत खूप मागे असूनही आपल्या आईचा पहिला होता. पुढे रऊबेनाने बापाच्या शय्येचा अवमान केला म्हणून त्याचे ज्येष्ठत्व काढून योसेफाच्या मुलांना देण्यात आले, अशी नोंद इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे. नंतरच्या शास्त्रकारांची परिभाषा लावली तर या घरात उदराचे जेठे एकाहून अधिक होते आणि वारशाचा जेठा एकच होता. बहुपत्नीक समाजात अशी गुंतागुंत नेहमीचीच होती व कायद्याला तिची दखल घ्यावीच लागली.

आईच्या बाजूच्या ज्येष्ठत्वाचे मूळ निर्गमाच्या तेराव्या अध्यायात आहे. मिसर देशातील प्रथमजन्मे मारले गेले त्या रात्री इस्राएलाचे प्रथमजन्मे वाचले, म्हणून माणसांचे व गुराढोरांचे जे जे पहिले नर अपत्य उदर उघडते ते ईश्वराचे, असा तेथील दंडक आहे. ‘उदर उघडणारा’ या अर्थाची ‘पेतेर रेहेम’ ही हिब्रू संज्ञा पुढच्या सगळ्या चर्चेचा खांब बनली. गणनेच्या तिसऱ्या अध्यायात या मालकीची भरपाई कशी झाली ते सांगितले आहे: एक महिना व त्याहून अधिक वयाचे २२,२७३ प्रथमपुत्र मोजले गेले, त्यांच्या बदल्यात सेवेसाठी घेतलेले लेवी वंशातील पुरुष २२,००० भरले, आणि जे २७३ उरले त्यांच्यासाठी माणशी पाच शेकेल याप्रमाणे १,३६५ शेकेल चांदी अहरोन व त्याच्या पुत्रांना देण्यात आली. एकदाच झालेला हा व्यवहार गणनेच्या अठराव्या अध्यायात कायमचा नियम झाला. तिथेही वयाची अट एक महिन्याचीच आहे आणि ती अट का, हे पुढे कळेल.

वारशाच्या ज्येष्ठत्वाचा उगम अगदी निराळ्या ठिकाणी, बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. एका पुरुषाला दोन बायका असून एक आवडती व दुसरी नावडती असली, आणि पहिला मुलगा नावडतीच्या पोटी आलेला असला, तरी बापाने आवडतीच्या मुलाला जेठा ठरवू नये, असे तो नियम सांगतो; कारण दुप्पट वाट्याचा धनी ठरतो तो बापाच्या सामर्थ्याचे पहिले फळ असलेला मुलगा. थोरल्याला दुप्पट वाटा देण्याची रीत केवळ इस्राएलाची नव्हती. मध्य असीरियन कायद्यांत आणि मेसोपोटेमियातील नुझी येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरही ती आढळते. दुप्पट वाटा म्हणजे संपत्तीचा निम्मा भाग नव्हे. पाच मुलगे असतील तर मिळकतीचे सहा वाटे पाडून जेठ्याला दोन, म्हणजे एक तृतीयांश, आणि उरलेल्या चौघांना प्रत्येकी एक वाटा मिळतो. हा हक्क फक्त बापाच्या मिळकतीवर चालतो, आईच्या स्त्रीधनावर नाही, आणि त्यातही बापाच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या ताब्यात असलेल्या मिळकतीवरच.

ही दोन सूत्रे एकत्र बांधून त्यांच्या सीमारेषा आखण्याचे काम मिश्नाने केले. मिश्ना हा इ.स. २००च्या सुमारास गालीलात यहूदा हा-नासी यांच्या देखरेखीखाली संकलित झालेला मौखिक परंपरेचा कायदेग्रंथ असून त्यातील ‘बेखोरोत’, म्हणजे प्रथमजन्मे, या प्रकरणाचा आठवा अध्याय चार प्रकारांपासून सुरू होतो: वारशाला जेठा पण कोहेनासाठी नव्हे, कोहेनासाठी जेठा पण वारशाला नव्हे, दोन्हीसाठी जेठा, आणि दोन्हीसाठी नव्हे. आधीच्या बायकोपासून मुलगे असलेल्या पुरुषाने पहिलटकरीण होणाऱ्या स्त्रीशी लग्न केले तर तिचा मुलगा दुसऱ्या प्रकारात बसतो, आणि हे समजायला सोपे आहे. पोट फाडून काढलेले मूल शेवटच्या प्रकारात जाते. अध्यायाचा खरा भार मात्र पहिल्या व तिसऱ्या प्रकारांवर आहे, आणि हे दोन्ही प्रकार जवळजवळ सर्वस्वी गर्भपाताने व्यापलेले आहेत.

पहिल्या प्रकारात मिश्नाने ‘नेफेल’ नंतर आलेल्या मुलाला ठेवले आहे. नेफेल म्हणजे गळून पडलेला गर्भ किंवा जगण्याची क्षमता न आलेले अपुऱ्या दिवसांचे मूल. त्याचे डोके जिवंतपणी बाहेर आले तरी पुढचा मुलगा वारशाचा जेठा राहतो, आणि पूर्ण नऊ महिन्यांच्या मुलाचे डोके मृतावस्थेत बाहेर आले तरीही तसेच. यातील पहिले कलम समजण्यासाठी त्या काळची एक समजूत लक्षात घ्यावी लागते: सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते पण आठव्या महिन्यातले जगत नाही, असे ग्रीक वैद्य मानत आणि यहुदी पंडितही मानत, त्यामुळे आठव्या महिन्यात रडत जन्मलेले मूलसुद्धा कायद्याच्या नजरेत नेफेलच होते. त्यानंतर आकार धरलेल्या गर्भाची पिशवी, गर्भाविना पडलेली वार, तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलेला गर्भ, आणि ‘संदल’ नावाचा एक विचित्र प्रकार येतो. संदल म्हणजे चपटा झालेला गर्भ, ज्याला त्याच नावाच्या सागरी माशाची उपमा दिली गेली. जुळ्यांपैकी एकाच्या दाबाखाली दुसरा चिरडून कागदासारखा झाल्याची उदाहरणे आधुनिक प्रसूतिशास्त्रालाही ठाऊक आहेत. या सगळ्यांनी उदर उघडले, म्हणून पुढच्या मुलाला सोडवायचे कारण उरत नाही. पण यांपैकी कोणीही बापाचा वारस होऊ शकत नव्हता, म्हणून वारशाची पहिली जागा रिकामीच राहते आणि ती पुढचा मुलगा घेतो. जनावराच्या आकाराचा गर्भ पडला तर काय, यावर रब्बी मेईर व इतर पंडित यांच्यात मतभेद होता: मेईर तो जन्म मानत, इतर पंडित मानवी रूपाची काही खूण असल्याशिवाय मानत नसत.

मिश्नाने मुलीच्या जन्माचा विचार याच सूत्राने केला, ही गोष्ट नजरेआड होऊ नये. पहिली मुलगी झाली तर पुढचा मुलगा बापाचा जेठा असतो पण उदर उघडणारा नसतो, कारण उदर मुलीने उघडलेले असते. म्हणजे कायद्याच्या परिणामापुरती पहिली मुलगी आणि आकार धरलेला पण गळालेला गर्भ एकाच जागी उभे राहतात. हे समीकरण आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावेही. पण त्यामागे मुलीला तुच्छ लेखण्यापेक्षा वेगळे तर्कशास्त्र आहे. कोहेनाचा नियम व्यक्तीकडे पाहत नाही, तो आईच्या शरीरावर घडलेल्या घटनेकडे पाहतो.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे ज्यांच्यानंतरचा मुलगा दोन्ही अर्थांनी जेठा राहतो त्या गर्भपातांत, नुसत्या पाण्याने, रक्ताने किंवा आकारहीन कणांनी भरलेल्या पिशव्या येतात, मासे, टोळ वा किडे यांच्यासारखे दिसणारे पिंड येतात, आणि शेवटी चाळिसाव्या दिवशी गळालेला गर्भ येतो. चाळिसाव्या दिवसापर्यंत उदर उघडलेले नसते, एक्केचाळिसाव्या दिवशी ते उघडलेले असते, असा हा उंबरठा आहे. या मर्यादेआतील गर्भाचे वर्णन तालमुदात, म्हणजे मिश्नावरील विस्तृत चर्चाग्रंथात, नुसते पाणी असे केले आहे. कोहेनाच्या कन्येच्या अधिकारांबद्दलच्या एका वेगळ्याच वादात आलेली ही उक्ती पुढे गर्भपाताच्या सर्व चर्चांत वापरली गेली.

चाळीस दिवसांचा आकडा आला कोठून, यावर तालमुदातील ‘निद्दा’ हे प्रकरण मोठे रंजक आहे. रब्बी इश्माएल यांचे म्हणणे असे, की मुलाचा गर्भ एक्केचाळिसाव्या दिवशी आणि मुलीचा एक्क्याऐंशीव्या दिवशी घडतो. आधार लेवीय ग्रंथाचा, कारण तेथे बाळंतिणीच्या शुद्धीचा काळ मुलानंतर एकूण ४० व मुलीनंतर ८० दिवसांचा आहे. इतर पंडितांना हा भेद मान्य नव्हता. वाद चालू असताना दोन्ही पक्ष अलेक्झांड्रियाची राणी क्लिओपात्रा हिच्या नावाने सांगितला जाणारा एक भयंकर प्रयोग पुढे करतात: देहदंडाची शिक्षा झालेल्या दासींवर तो झाला असे म्हणत, आणि एका पाठानुसार त्यात मुलगा व मुलगी दोघेही एक्केचाळिसाव्या दिवशी घडलेले आढळले, दुसऱ्या पाठानुसार एक एक्केचाळिसाव्या व दुसरा एक्क्याऐंशीव्या दिवशी. ज्या पक्षाला जो पाठ सोयीचा तो त्याने उद्धृत केला. ऐतिहासिक क्लिओपात्राशी या गोष्टीचा काही संबंध जोडता येत नाही. मात्र मुलगा चाळीस दिवसांत व मुलगी त्याहून बऱ्याच उशिरा घडते हे मत अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवले होते, आणि पॅलेस्टाईनमधील पंडित ग्रीक शरीरशास्त्राच्या हवेत वावरत होते याची ती गोष्ट चांगली साक्ष देते. शेवटी टिकले ते दोघांसाठी सारखे चाळीस दिवस.

हा उंबरठा कागदावर स्पष्ट असला तरी प्रत्यक्षात हातात पडलेल्या रक्ताच्या गाठीवरून तो ओळखायचा कसा, हा प्रश्न उरतोच. अब्बा शाऊल यांच्या नावाने दिलेल्या वर्णनात घडू लागलेल्या गर्भाचे दोन डोळे माशीच्या दोन थेंबांएवढे व दोन नाकपुड्याही तशाच सूक्ष्म सांगितल्या आहेत; वर्णन इतके बारीक आहे, की ते कोणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहिले गेले असेल असे वाटत नाही. असा गर्भ पाण्यात तपासू नये, कारण पाणी कठोर असते व त्याला बिघडवते. तेलात तपासावा, कारण तेल सौम्य असून त्याचे रूप स्वच्छ करते, आणि तपासणी उन्हातच करावी, असाही दंडक तेथे आहे. बाबिलोनियातील नेहार्देआ येथील शमुएल हे तिसऱ्या शतकातील पंडित वैद्य व खगोलज्ञही होते आणि या परीक्षेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा त्यांच्यापुढे आणलेला गर्भ त्यांनी एक्केचाळीस दिवसांचा ठरवला; स्त्रीने ऋतुस्नान केल्यापासून दिवस मोजले तर ते चाळीसच भरले; तेव्हा शमुएल यांनी सांगितले, की नवऱ्याने स्नानाआधी, निषिद्ध काळातच संबंध ठेवला असला पाहिजे, आणि बांधून विचारल्यावर नवऱ्याने कबुली दिली. गोष्ट शमुएल यांची थोरवी सांगण्यासाठी आली आहे, पण तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते: इतरांना ही परीक्षा जमत नाही, असे तालमूद स्वतःच सुचवतो. पुढील शतकांत शास्त्रकारांनी शरीराच्या खुणांपेक्षा दिवसांच्या हिशेबाला अधिक महत्त्व दिले, यात नवल नाही.

वारशाच्या बाजूने नेफेल का मोजला जात नाही, याचे उत्तर तालमुदाने ज्या पद्धतीने दिले आहे ते या विषयाच्या गाभ्याशी आहे. अनुवादातील ‘सामर्थ्याचे पहिले फळ’ या पदातील हिब्रू शब्दाचा शोकाच्या शब्दाशी ध्वनिसंबंध जोडून पंडितांनी अर्थ लावला, की ज्याच्यासाठी बापाचे हृदय दुःखी होते तोच पहिला. नेफेलसाठी बापाचे हृदय दुःखी होत नाही, म्हणून तो पहिल्याची जागा अडवत नाही. हे विधान मनोविज्ञानाचे नाही, कायद्याचे आहे, कारण धर्मशास्त्राने तीस दिवस पूर्ण न झालेल्या मुलासाठी शोकविधी, म्हणजे सात दिवसांचे सुतक व वस्त्र फाडणे, लागूच केले नव्हते. मुले मोठ्या संख्येने दगावत होती त्या जगात ही सवलत बहुधा दयेपोटी आली असावी. तरीही त्यातील एक फट उघडी राहते. शास्त्राने विचार केला तो बापाच्या हृदयाचा. आईच्या हृदयाबद्दल ते काहीच म्हणत नाही, आणि दुसऱ्या बाजूला तिचे शरीर मात्र एकही गर्भ विसरत नाही असे गृहीत धरून सगळा हिशेब मांडते. जिथे शोक नाकारला गेला तिथेच त्या गर्भाची नोंद अत्यंत काटेकोरपणे ठेवली गेली, आणि त्या नोंदीचा परिणाम पुढच्या मुलाच्या आयुष्यभर राहिला.

तीस दिवसांचा नियम सोडवणुकीच्या विधीतही शिरला आहे. सोडवणूक, जिला हिब्रूत ‘पिदयोन हाबेन’ म्हणतात, एकतिसाव्या दिवशी होते, कारण तोवर मूल नेफेल तर नव्हते ना याची खात्री नसते. तीस दिवसांच्या आत मूल गेले आणि बापाने आधीच पैसे दिलेले असले, तर कोहेनाने पाचही नाणी परत करायची, असे मिश्ना सांगते. तीस दिवसांनंतर गेले आणि पैसे दिलेले नसले, तर बापाने द्यायचे. नेमके तिसाव्या दिवशी गेले तर काय, यावर रब्बी अकिवा यांचा तोडगा असा, की दिले असतील तर मागू नयेत आणि दिले नसतील तर देऊ नयेत. नाणे सोर म्हणजे टायर शहरात पाडलेल्या रौप्य नाण्यांच्या मानाचे असावे लागे. त्या नाण्यावर मेलकार्त या परकीय देवाचे मुख व गरुड असे, पण चांदी शुद्ध होती आणि धर्मशास्त्राने देवाच्या छापाकडे काणाडोळा केला. अशा पाच नाण्यांच्या चांदीचे वजन आजच्या काळात साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास धरले जाते. इस्राएल राष्ट्राने १९७०च्या दशकात या विधीसाठी खास रौप्य नाणी पाडली होती.

पुराव्याचे नियमही लक्ष देण्याजोगे आहेत. जुळ्यांपैकी आधी कोण आले याबाबत तिघांचा शब्द मानावा, असे तालमुदात आहे: सुईणीचा शब्द लगेच, म्हणजे ती बाळंतिणीच्या खोलीत असेपर्यंत, आईचा सात दिवसांपर्यंत, आणि बापाचा कायमचा. बापाला मिळालेला हा कायमचा विश्वास अनुवादातील त्याच वचनावर आधारला आहे, जिथे बापाने मुलाला जेठा म्हणून ओळखावे असे सांगितले आहे. कोहेनाच्या बाबतीत मात्र पारडे उलट झुकते, कारण पाच नाणी मागणारा तो असतो आणि दुसऱ्याकडून काही काढू पाहणाऱ्यावरच पुराव्याचे ओझे असते, हे यहुदी दिवाणी कायद्याचे मूळ सूत्र आहे. साहजिकच गर्भपात झाला होता की नव्हता, गर्भाने आकार धरला होता की नाही, याबद्दल खरा संशय असेल तर बाप देण्यातून सुटतो, आणि त्या संशयाचे सर्व ज्ञान बहुधा एकट्या आईपाशी असते. मैमोनिदेस यांच्या बाराव्या शतकातील ‘मिश्ने तोरा’ने आणि योसेफ कारो यांच्या १५६५ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या ‘शुल्हान आरुख’ने या नियमांना सुटसुटीत रूप दिले. संशयाच्या प्रसंगी विधी करायचाच झाला तर तो आशीर्वचनाविना करण्याची वाट पुढे रुळली, कारण व्यर्थ ठरू शकणारे आशीर्वचन म्हणणे म्हणजे ईश्वराचे नाव फुकट घेणे होय.

विधीच्या शब्दांत ही सगळी गर्भचर्चा दोन ठिकाणी उमटली आहे. बाबिलोनियातील विद्यापीठांच्या प्रमुखांच्या, म्हणजे गाओनांच्या, काळापासून आलेले एक आशीर्वचन सोडवणुकीच्या वेळी कोहेन म्हणत असे. त्यात ईश्वर आईच्या उदरातील गर्भाला पवित्र करतो, चाळीस दिवसांनंतर त्याचे २४८ अवयव वाटून देतो आणि नंतर त्यात प्राण फुंकतो, असा आशय होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीहून टोलेडोला आलेल्या अशेर बेन येहिएल यांनी ते आपल्या ग्रंथात नोंदवले, पण जर्मनी व फ्रान्समध्ये ते म्हटले जात नाही, कारण तालमुदात ते नाही, असेही लिहिले. त्यामुळे चाळीस दिवसांचा तो कायदेशीर उंबरठा, जो एरवी गळालेल्या गर्भापुरताच उच्चारला जाई, काही समाजांत जिवंत मुलाच्या स्वागतातही उच्चारला जात राहिला.

दुसरे ठिकाण सेफार्दी, म्हणजे स्पेन व पूर्वेकडील यहुद्यांच्या, पद्धतीत आढळते. मूल तबकात किंवा आईच्या मांडीवर असते, पाहुणे जमलेले असतात, आणि कोहेन प्रथम बापाला नव्हे तर आईला विचारतो, की हा तुझा पहिला मुलगा का, याआधी तुला दुसरे मूल झाले होते का, की कधी गर्भ गळाला होता. आई उत्तर देते, की हा माझा पहिलाच, याआधी मी प्रसवलेही नाही आणि माझा गर्भही गळालेला नाही. त्यानंतरच कोहेन बापाकडे वळून, तुला मुलगा अधिक प्रिय की पाच नाणी, हा ठरीव प्रश्न करतो. शास्त्राच्या दृष्टीने आईला विचारलेला प्रश्न निर्दोष आहे, कारण एरवी कोहेन दुसऱ्याचे पैसे विनाकारण घेईल. पण जिची दुसरी खेप आहे आणि पहिली कोणाला ठाऊक नाही, तिच्यासाठी त्या घोळक्यात हे उत्तर देणे म्हणजे काय असेल याची कल्पना करणे अवघड नाही. अशा घरात विधीच न होणे हाच त्या गर्भाचा एकमेव जाहीर उल्लेख ठरत असे. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील, पद्धतीत हे निवेदन आईऐवजी बाप करतो, आणि चौकशी असलीच तर ती आधी, घरातल्या घरात उरकली जाते.

कोकणातील बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजाच्या बाबतीत प्रश्न आणखी एका टोकाला अडतो. या समाजात वंशपरंपरेने कोहेन अथवा लेवी मानली जाणारी घराणी नव्हती, त्यामुळे सोडवणूक शास्त्रोक्त करायची तर कोहेन बाहेरून मिळवावा लागे. उलट ज्या घरात आई किंवा बाप कोहेन वा लेवी वंशातील असतात तेथे मूल मुळातच या ऋणातून मुक्त असते. लेवीच्या मुलीच्या मुलालाही ही सूट आहे, कारण नियम उदराचा आहे व उदर लेवीचे आहे.

विसाव्या शतकात दोन्ही हिशेबांची स्थिती पालटली. इस्राएलच्या १९६५ सालच्या वारसा कायद्याने मुलामुलींना सारखा वाटा दिला आणि जेठ्याचा दुप्पट वाटा दिवाणी व्यवहारातून गेला. मृत्युपत्राने वा बक्षीसपत्राने कोणी तो पाळला तर पाळतो. उदराचा हिशेब मात्र जिवंत राहिला आणि वैद्यकशास्त्राने तो अधिक किचकट केला. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, धर्मशास्त्र गर्भधारणेपासून. त्यामुळे शास्त्राचा चाळिसावा दिवस रुग्णालयाच्या कागदावर साधारण आठव्या आठवड्याच्या आसपास पडतो, आणि हा फरक न समजल्याने नको तिथे विधी होण्याचा किंवा हवा तिथे टळण्याचा धोका राहतो. सोनोग्राफीने आणखी एक पेच आणला: गर्भाची वाढ सहाव्या आठवड्यात थांबली पण तो दहाव्या आठवड्यात पडला, तर दिवस कोणते मोजायचे? अशा वेळी गर्भ प्रत्यक्ष किती घडला होता याकडे पाहण्याचा कल दिसतो, म्हणजे शमुएल यांच्या तेलातल्या परीक्षेचे काम आता पडद्यावरची सावली करते. गर्भाशय साफ करण्याच्या शस्त्रक्रियेने काढलेला गर्भ ‘उदर उघडतो’ काय, यावर शास्त्रकारांत एकमत नाही, कारण मिश्नाने पोट फाडून काढलेल्या मुलाला उदर उघडणारा मानलेले नाही, पण तुकड्यांनी बाहेर आलेल्या गर्भाला मानले आहे, आणि उपकरणाने काढलेला गर्भ या दोन दाखल्यांच्या बरोबर मध्ये येतो. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या पहिल्या मुलानंतर दुसरा नैसर्गिक रीतीने झाला तरी बहुमत त्यालाही सोडवत नाही. रब्बी शिमोन यांनी मिश्नाच्या काळीच वेगळे मत दिले होते, पण निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही.

वारशाचा जेठा मिळकतीपुरता नाममात्र उरला असला तरी एका ठिकाणी तो अजून ओळखला जातो. वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी प्रथमपुत्रांनी उपवास करण्याची रीत ‘मसेखेत सोफेरीम’ या उत्तरकालीन ग्रंथात नोंदलेली असून ‘शुल्हान आरुख’च्या मते तो उपवास बापाच्या बाजूने किंवा आईच्या बाजूने, कोणत्याही एका हिशेबाने जेठा असणाऱ्याने करावा. आकार धरलेला गर्भ गळाल्यानंतर जन्मलेला मुलगा पाच नाण्यांनी कधीच सोडवला गेलेला नसतो, पण बापाचा पहिला म्हणून नंतरच्या शास्त्रकारांनी त्याला या उपवासात धरले आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्या सकाळी सभास्थानात तालमुदाच्या एखाद्या प्रकरणाचा अभ्यास पूर्ण करून भोजन घातले जाते आणि त्या भोजनाला बसलेल्या जेठ्यांचा उपवास सुटतो. तिथे जमलेल्यांपैकी काहींची सोडवणूक झालेली असते, काहींची नसते, आणि मेजवानीच्या पंगतीत त्यांच्यात काही भेद केला जात नाही.